यात्रेपासून यात्रेपर्यंत : घरच्या लाकडाचा पहिला बाक

मार्गशीर्ष पौर्णिमेस सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार लागतो. तेथे जाणता गिऱ्हाईक घोड्याची मान वा आयाळ प्रथम पाहत नाही. तो खाली वाकून पाय पाहतो, खूर उचलून पाहतो, मग जनावर चालवून पाहतो. लाकडी सामान घेताना मात्र हाच मनुष्य वरची चकाकी पाहून पैसे मोजतो. लग्नसराईत हप्त्याने आणलेला दिवाण दोन पावसाळ्यांत पाय सोडतो, आणि त्याच घराच्या मागील अंगणात वादळाने पडलेला निंब सरपणाच्या भावाने विकला गेलेला असतो. घरचे लाकूड कवडीमोलाने जावे आणि भुशाची फळी कर्ज काढून घरात यावी, हा व्यवहार शेतकऱ्यास परवडणारा नाही.

घरच्या लाकडाचे सामान घरी करता येते. त्यास पिढीजात कसब लागतेच असे नाही. नवशिक्याचे काम फसते ते बहुधा हत्यारामुळे नव्हे, तर ओल्या लाकडामुळे. झाड पडले, चिरून आणले आणि त्याच आठवड्यात रंधा मारावयास घेतला, की सर्व मेहनत चैत्र-वैशाखात उलते. यास्तव या लेखात हत्यारांपेक्षा लाकूड वाळविण्यास अधिक जागा दिली आहे. ग्रामसेवकांनीही गावात हा विषय सांगताना याच क्रमाने सांगावा.

प्रथम लाकडाचा स्वभाव समजून घेऊ. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतील पाणी गेल्याने लाकूड हलके होते, पण आकसत नाही. भिंतीतील पाणी जाऊ लागले म्हणजे ते आकसू लागते, आणि आकसणे सर्व दिशांनी सारखे नसते. लांबीत ते नगण्य असते. गाभ्याकडून सालीकडे जितके आकसते, त्याच्या सुमारे दुप्पट ते वाढीच्या वलयांच्या दिशेने आकसते. फळी पन्हाळीसारखी वाकते ती याच कारणाने. वाळल्यावरही लाकूड स्वस्थ बसत नाही. वैशाखात आकसते, श्रावणात फुगते. आपल्या खानदेशात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून जातो आणि पुढे चार महिने हवा दमट राहते, म्हणून ही हालचाल येथे विशेष जाणवते. सहा इंच रुंदीची निंबाची फळी वर्षभरात एक ते दीड सूत कमीजास्त होते असे धरून चालावे. (आठ सुतांचा एक इंच, हे सुताराचे माप येथे सर्वत्र वापरले आहे.)

आता लाकूड कोणते घ्यावे ते पाहू. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये तळोदे हा खानदेशातील लाकडाचा मोठा बाजार असून तेथे उत्तम बैलगाड्या सुमारे ४० रुपयांस तयार होतात, अशी नोंद आहे. सातपुड्याचा साग त्या काळी जवळ होता. आज तो नवशिक्याच्या हाती सहज येणारा नाही, आणि शिकताना साग वाया घालवूही नये. बांधावरचा निंब पहिल्या कामास चांगला. तो रंध्यास फारसा छळत नाही आणि कीड त्याच्या वाटेस कमी जाते. फक्त त्यावर झिलई हवी तशी चढत नाही. बाभूळ कठीण व चिवट आहे, गाडीच्या व औताच्या कामास तिच्यासारखी तीच; पण हत्यार लवकर बोथट करते, आणि तिच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडास घुण हमखास लागतो. तांबूस गाभाच वापरावा. आंब्याची फळी मऊ व स्वस्त असली तरी तिला औषध लावल्याशिवाय बाकास घेऊ नये. निलगिरी तर वाळताना इतकी पिळते व उलते की नवशिक्याने तिच्यापासून दूर राहणेच बरे.

आणखी एक खाण आपल्या गावांतच आहे. जुनी धाब्याची घरे उतरवून स्लॅबची घरे बांधली जात आहेत. त्यांतून निघणाऱ्या सागाच्या तुळया व खांब पुष्कळदा चुलीत जातात. हे लाकूड अनेक दशके वाळलेले असते, आता त्याची हालचाल अगदी थोडी. बाकाचे पाय अशा लाकडाचे करता आले तर जाड तुकडे वाळण्याची दीर्घ वाट पाहावी लागत नाही. मात्र चिरण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून प्रत्येक खिळा काढावा. एक विसरलेला खिळा आरागिरणीचे पाते मोडतो, आणि पुढल्या वेळी गिरणीवाला आपणांस दारात उभे करीत नाही.

उभे झाड तोडावयाचे असल्यास आधी कायदा पाहावा. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडे तोडण्याच्या विनियमनाच्या कायद्यान्वये साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, अंजन इत्यादी झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. लाकूड वाहून नेण्यासही पास लागू शकतो. आपल्या झाडास काय लागते हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे व लेखी घ्यावे.

तोडण्याचा योग्य काळ म्हणजे यात्रेच्या सुमाराचा, हिवाळ्याचा. या दिवसांत किडीचा उपद्रव कमी असतो आणि लाकूड सावकाश सुकू लागते. ओंडका फार दिवस तसाच पडू देऊ नये. बाभळीचे ओंडके काही आठवडे ते दोन-तीन महिने पाण्यात पूर्ण बुडवून ठेवण्याची पूर्वापार पद्धत आहे. त्यामुळे किडीस आवडणारे पिठूळ सत्त्व पुष्कळसे धुऊन जाते. अर्धा ओंडका पाण्याबाहेर राहिला तर मात्र लाभापेक्षा हानी अधिक. निंबास याची गरज नाही. ओंडका आरागिरणीवर नेऊन चिरून घ्यावा, आणि पाहिजे त्या मापापेक्षा प्रत्येक फळी दोन सूत जाड व अर्धा इंच रुंद ठेवावी. आकसणे व रंधणे यांत तेवढे जाते.

फळ्या रचण्याची रीत अशी. छपराखाली वा दाट सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच दगड वा विटा मांडून त्यांवर फळ्यांचा एक थर ठेवावा. प्रत्येक थरात बोटभर वारा जाईल इतके अंतर असावे. दोन थरांमध्ये एक इंच जाडीच्या वाळल्या पट्ट्या दर दोन फुटांवर आडव्या टाकाव्यात, आणि त्या वरपासून खालपर्यंत एका ओळंब्यात याव्यात. पट्टी सरकली की फळी तेथे वाकते व तशीच वाळते, मग ती सरळ करणे कोणाच्याही हाती राहत नाही. वर जड दगड ठेवावेत. टोकांतून पाणी सर्वांत वेगाने उडते व तेथूनच भेगा सुरू होतात, म्हणून टोकांना शेणमातीचा जाड लेप किंवा उरलेला जुना तेली रंग लावावा. फाल्गुनापासून पश्चिमेचे गरम वारे सुटतात. त्या बाजूस पऱ्हाटीचा कूड उभा करावा. येथे पुष्कळांची समजूत अशी की ऊन जितके अधिक तितके लाकूड लवकर तयार. लवकर वाळते हे खरे, पण बाहेरून वाळते, आत ओले राहते आणि मध्ये फाटते.

एक इंच जाडीस एक वर्ष, हा जुना आडाखा आहे. आपल्या कोरड्या हवेत पातळ फळ्या त्याहून लवकर तयार होतात. परंतु नवशिक्याने एका यात्रेस रचलेले लाकूड पुढील यात्रेस काढावे, म्हणजे एक उन्हाळा व एक पावसाळा त्यावरून जातो. अदमासावर राहू नये. ढिगातील एका फळीचा, टोकापासून फूटभर आतला, वीतभर तुकडा कापून त्याच ढिगात ठेवावा व दर पंधरा दिवसांनी दुकानदाराच्या काट्यावर तोलून वजन लिहून ठेवावे. लागोपाठ तीन वेळा वजन तेच आले म्हणजे लाकूड हवेशी जुळले. नेमका ओलावा काढणे असल्यास तुकड्याचा लहानसा भाग तोलून, चुलीजवळ वा भट्टीत जळू न देता पूर्ण सुकवून पुन्हा तोलावा. समजा, आधी ५६ ग्रॅम होता व सुकून ५० ग्रॅम राहिला. ६ ग्रॅम पाणी गेले, म्हणजे शेकडा १२ ओलावा. बाकासाठी इतके पुरे आहे.

घुणाची भीती असलेल्या लाकडास, ताजे चिरलेले असतानाच, ५० लिटर पाण्यात १ किलो बोरिक पावडर व दीड किलो टाकणखार विरघळवून त्यात बुडवून काढावे. हे औषध पावसाने धुऊन जाते, म्हणून छपराखाली राहणाऱ्या सामानासच ते उपयोगी. उरलेले पाणी गुरांच्या हौदाजवळ वा मुलांच्या हाताशी ठेवू नये.

आता बाक. उंची सव्वासतरा इंच, लांबी चार फूट, बैठक सव्वाबारा इंच रुंद. अडीच इंच चौरस व सोळा इंच लांब असे चार पाय. सव्वा इंच जाडीच्या आखूड आडव्या पट्ट्या नऊ इंच लांबीच्या चार (वरच्या दोन तीन इंच रुंद, खालच्या दोन दोन इंच रुंद). तितक्याच जाडीच्या व तीन इंच रुंदीच्या लांब पट्ट्या अडतीस इंचांच्या दोन. आणि बैठकीस सव्वा इंच जाड, सहा इंच रुंद, चार फूट लांब अशा दोन फळ्या. तयार मापाने हे सारे घनफुटाहून थोडे कमीच भरते. कापण्यात जाते ते धरून दीड घनफूट लाकूड हाताशी असावे.

हत्यारे थोडी लागतात : करवत, रंधा, तीन सुती व एक इंची पटाशी, गुण्या, गिरमिट, लाकडी मोगरी आणि धार लावण्याचा दगड. गुण्या बाजारातून आणल्यावर तपासावा. फळीच्या सरळ कडेस लावून रेघ ओढावी, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी रेघ ओढावी. दोन रेघा एक झाल्या तर गुण्या खरा. पटाशीस रोज धार लावावी. बोथट पटाशीवर जोर करावा लागतो, आणि जोराने निसटलेली पटाशी दुसऱ्या हातात घुसते.

पाय व पट्ट्या खिळ्यांनी जोडू नयेत. पट्टीच्या टोकास जीभ काढावयाची, सुतार तिला कुसू म्हणतात, आणि पायात तिच्या मापाची खोबण कोरावयाची. कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या सुमारे एकतृतीयांश, म्हणजे तीन सूत. लांबी दीड इंच. खोबण प्रथम कोरावी व कुसू तिच्या मापाने काढावा, कारण कुसू तासून बारीक करता येतो, पण मोठी झालेली खोबण लहान होत नाही. कुसू हाताच्या दाबाने अर्धा व मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी पुरा बसावा. वरच्या आखूड पट्टीची खोबण पायाच्या टोकापासून पाऊण इंच खाली सुरू करावी व कुसूही वरून तेवढा कमी करावा, नाहीतर पायाचे टोक फाटते. खालची आखूड पट्टी जमिनीपासून चार इंचांवर यावी. लांब पट्टी वरच्या आखूड पट्टीच्या खालच्या कडेपासून सुरू होते. तीही त्याच उंचीवर ठेवली तर दोन खोबणी आत एकमेकींस मिळतात व पाय नेमका भार येतो तेथेच पोकळ होतो. नवशिक्यांच्या कामात ही चूक फार आढळते.

प्रथम दोन बाजूंच्या चौकटी जोडाव्यात, सरस लावून एक दिवस आवळून ठेवाव्यात आणि मग लांब पट्ट्यांनी त्या एकत्र आणाव्यात. सरस ओला असतानाच समोरासमोरील कोपऱ्यांमध्ये सुतळी ताणून दोन्ही कर्ण मोजावेत. फरक असेल तर लांब कर्णावर दाब देऊन तो काढावा. वाळल्यावर काही करता येत नाही. प्रत्येक सांध्यात गिरमिटाने भोक पाडून वाळल्या बांबूची मेख ठोकावी.

बैठकीच्या फळ्यांची टोके पाहावीत. वलयांच्या कमानी दिसतात. गाभ्याकडील बाजू वर ठेवावी, म्हणजे फळी वाकलीच तर मधोमध किंचित उंच होईल, खळगा पडणार नाही. दोन फळ्यांमध्ये दोन सूत फट सोडावी. प्रत्येक फळी दोन्ही वरच्या आखूड पट्ट्यांवर रुंदीच्या मध्यावर एकेका स्क्रूनेच बसवावी. दोन्ही कडांना स्क्रू मारून फळी जखडली तर ती श्रावणात फुगण्यास व वैशाखात आकसण्यास जागा शोधते, आणि ती न मिळाल्यास उलते.

बाक सपाट फरशीवर ठेवून डोलतो काय ते पाहावे. डोलत असल्यास लांब वाटणारा पाय घाईने कापू नये. आखूड पायाखाली कागदाच्या घड्या सारून फरक मोजावा आणि तेवढेच इतर पायांवरून तासावे. मातीच्या ओट्यावर ठेवावयाचा असेल तर प्रत्येक पायाखाली चपटा दगड असावा. वाळवी जमिनीतून येते, आणि दगडावरून जाताना तिचा मातीचा बोगदा डोळ्यांस दिसतो.

रंधून, काचकागदाने घासून शिजविलेले अळशीचे तेल तीन वेळा, दोन हातांमध्ये दोन दिवसांचे अंतर ठेवून लावावे. प्रत्येक वेळी तासाभराने वर राहिलेले तेल पुसून काढावे. पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना हे तेल तापते व बोळा आपोआप पेट घेऊ शकतो; कडब्याच्या गंजीजवळ तर कदापि नको. चिंध्या अंगणात एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

शेतकऱ्याने हे काम केले तर गावच्या सुताराची भाकर जाईल, अशी शंका काहीजण घेतात. अनुभव उलटा येतो. ज्याने एक खोबण स्वतः कोरली त्यास सुताराच्या मजुरीचे मोल कळते. पहिली खोबण त्याच्याच समोर बसून कोरावी व त्या दिवसाची मजुरी त्यास द्यावी. दाराची चौकट, माच्याची बांधणी ही कामे त्याच्याकडेच राहणार आहेत. ग्रामसेवकांनी प्रात्यक्षिक ठेवताना सुतारास बोलवावे, आणि बायकांनाही बसवावे. करवतीस पुरुषाचाच हात लागतो असे नाही.

बाक झाल्यावर पहिला वैशाख येईल तेव्हा सर्व सांधे हाताने हलवून पाहावेत. मेख सैल झाली असल्यास एक सूत अधिक ठोकून वरचा भाग कापावा. फट वाढलेली दिसेल. ती भरू नये, पावसाळ्यात ती आपण होऊन मिटत येते.