नवा लॅपटॉप घेण्याआधी: विंडोज आणि लिनक्स पारखण्याचा खर्च

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि किमान ४ जीबी रॅम लागते; इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा. तुमचा लॅपटॉप यात बसत नसेल, तर तो मोडीत काढण्याआधी त्यावर लिनक्स मिंट ही लिनक्सची एक आवृत्ती चालवून पाहा.

खर्च किती?

- लिनक्स मिंट: मोफत.
- पेनड्राइव्ह, ८ जीबी किंवा मोठा: सुमारे ३०० ते ५०० रुपये. मिंट चढवताना त्यावरचं सगळं पुसलं जातं.
- एसएसडी, २५६ जीबी: अंदाजे दोन ते चार हजार; भाव वरखाली होतात. जुनी हार्ड डिस्क असेल तरच घ्या.
- बसवणावळ: दुकानात आधी ठरवून घ्या.

पारख कशी करायची?

आधी पेनड्राइव्हवरूनच मिंट सुरू करा आणि वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर चालतात का ते बघा. वेग मात्र इथे मोजू नका. पेनड्राइव्ह मुळातच मंद असतो.

सगळं चाललं तर फायलींचा बॅकअप घ्या, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा आणि विंडोज आणि मिंट या दोन्ही सिस्टिम एकाच डिस्कवर बसवा. एक हार्ड डिस्कवर आणि दुसरी एसएसडीवर ठेवलीत, तर तुलना डिस्कचीच होईल.

सुरू व्हायला लागणारा वेळ ‘रीस्टार्ट’ करून मोजा. ‘शट डाउन’नंतरही विंडोज आपला काही भाग डिस्कवर साठवून ठेवते आणि पुढच्या वेळी तोच उचलते, त्यामुळे ती आहे त्याहून चपळ वाटते. पहिल्या दिवशी मागे अपडेट चालू असतात, तेव्हाचे आकडे धरू नका. दोन्हीकडे तोच ब्राउझर, त्याच टॅब, तोच व्हिडिओ ठेवा. रॅम आणि बॅटरी किती खर्च होते ते टिपा.

मिंटमधून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स यंत्रात जागतिक वेळ नोंदवते, विंडोज तीच स्थानिक समजते.

काय निवडायचं?

रोजचं काम टॅली किंवा श्रीलिपी अशा विंडोजसाठीच्या प्रोग्रामवर असेल, तर मिंट कितीही वेगवान ठरलं तरी विंडोजच लागेल. ब्राउझर, मेल आणि युनिकोड मराठी टायपिंग एवढ्यावर भागत असेल, तर मिंट पुरेल आणि नव्या लॅपटॉपचे पैसे वाचतील. दोन्ही सिस्टिम हार्ड डिस्कवर सारख्याच रखडत असतील, तर पहिला खर्च एसएसडीवर करा.