ती स्वतःहून मागणार नाही

शालेय क्रीडा स्पर्धा जवळ आल्या की सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलांच्या घरी खरेदीची यादी होते. बूट झिजलेत, ग्लोव्हची दोरी तुटलीय, ट्रॅकसूट संघाच्या रंगाचा हवा. आईबाबांनो, या यादीत मला आणखी एक वस्तू घालायची आहे. तुमची मुलगी पिचर असेल, फर्स्ट किंवा थर्ड बेसला उभी राहत असेल, तर क्षेत्ररक्षण करताना तिच्या चेहऱ्यावर फेसगार्ड असायलाच हवा, असं मला वाटतं. मुलगा असला तरी तेच.

बॅटिंगचं हेल्मेट तुम्ही पाहिलंय. कॅचरचा मास्क, छातीचं पॅड, पायांचे गार्डही पाहिलेत. चेंडू बॅटकडे येत असतो तेव्हा त्याच्या वाटेत असलेल्या प्रत्येकाची काळजी या खेळानं घेतली आहे. पण बॅटला लागून तोच चेंडू जोरानं उलटा सुटतो, तेव्हा समोरच्या मुलीकडे फक्त एक ग्लोव्ह असतो.

आपल्यापैकी बहुतेकांची घरं क्रिकेटवाली. लेदर बॉल लागला की काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तो बॉल 156 ते 163 ग्रॅमचा असतो. मुली खेळतात तो 12 इंची सॉफ्टबॉल 178 ते 198 ग्रॅमचा. आकारानं मोठा आणि पिवळाधमक, म्हणून लांबून निरुपद्रवी वाटतो. एकदा मैदानावर या आणि हातात घेऊन बोटांनी दाबून पाहा. दबत नाही. आणि बॅट धातूची असते.

आता अंतर बघा. महिलांच्या सामन्यात पिचरची पट्टी होम प्लेटपासून 13.11 मीटरवर असते. अमेरिकेत 12 वर्षांखालच्या मुलींसाठी ती 12.19 मीटरवर आणतात. त्यात चेंडू सोडताना पिचर लांब पाऊल टाकून पुढे येते, म्हणजे आणखी मीटर-दीड मीटर गेलं. चेंडू बॅटवरून ताशी 90 किलोमीटरनं सुटला, तर तिच्यापर्यंत पोहोचायला त्याला अर्धा सेकंदही लागत नाही. यातला पाव सेकंद डोळ्यांनी पाहून मेंदूनं हाताला सांगण्यातच जातो. उरलेल्या वेळात तिनं काय करायचं? पिचिंग करून तिचा तोल पुढे गेलेला असतो, हात वर असतो, ग्लोव्ह अजून मांडीजवळ असतो. चांगली पिचर सावरते, पण दर वेळी सावरेलच याची हमी जगातली कुठलीही पिचर देऊ शकत नाही.

थर्ड बेसची गोष्ट वेगळी आहे आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. बेस होम प्लेटपासून 18.29 मीटरवर, हे कागदावर. बॅटर बंट करणार, म्हणजे चेंडू नुसता हलकेच टेकवणार, असा वास आला की थर्ड बेसवाली धावत पुढे येते, कधीकधी पिचरपेक्षाही जवळ. बॅटरनं ऐनवेळी बंट सोडून जोरात फटका मारला, तर ती वाकलेली, धावती आणि चेहरा पुढे केलेली असते. फर्स्ट बेसलाही हेच, शिवाय तिला सगळ्यांचे थ्रो घ्यायचे असतात.

शिवाय आपली मैदानं. सॉफ्टबॉलची पुस्तकं ज्या बारीक मातीच्या, रोज फळी फिरवलेल्या इनफिल्डबद्दल बोलतात, ते आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी दिसतं. आपली मुलं शाळेच्या मुरमाड मैदानावर खेळतात. पावसाळ्यानंतर तिथे खडे वर येतात, गाड्यांच्या चाकोऱ्या वाळून कडक होतात. सरळ येणारा चेंडू एखाद्या खड्याला लागून शेवटच्या दोन फुटांत तोंडावर उसळतो. मुलीनं सगळं शिकवल्याप्रमाणे केलेलं असतं, गुडघे वाकवलेले, ग्लोव्ह जमिनीला, नजर चेंडूवर. नजर चेंडूवर, म्हणूनच चेहरा त्याच्या रेषेत.

मी मुलांना सॉफ्टबॉल शिकवते. माझ्या एका थर्ड बेसवालीला असाच चेंडू वरच्या ओठावर बसला आणि पुढचा दात मुळासकट बाहेर आला. सरावाला आलेल्या एका आईनं तो दात मुळाला हात न लावता वरच्या बाजूनं उचलला, धुतला-घासला नाही, आणि शेजारच्या टपरीवरून थंड दूध घेऊन त्यात ठेवला. तासाच्या आत दंतवैद्याकडे पोहोचलो, दात परत बसवला गेला. हे प्रत्येक पालकानं लक्षात ठेवावं, कारण पक्का दात असेल आणि वेळेत, ओला पोहोचला, तर तो वाचण्याची आशा असते. पण त्या आईला हे ठाऊक होतं, हा आमचा नशिबाचा भाग होता.

ती मुलगी बरी होऊन परत आली तेव्हा मी तिला एकटीला विचारलं, भीती वाटते का? ती नाही म्हणाली. मला दिसत होतं की वाटते. चेंडू येताना ती डोळे मिटत होती.

आपण इथे जरा थांबू या. संघात जागा बारा-पंधरा आणि मागे रांगेत तितक्याच मुली. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढल्या तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. हे सगळं त्या चौदा वर्षांच्या पोरीला माहीत असतं, कारण आपणच घरी बोलतो. अशा वेळी ती सरांकडे जाऊन “मला तोंडाला गार्ड हवा” असं म्हणेल? तिला वाटतं, असं म्हटलं की सर आपल्याला घाबरट समजतील आणि निवडीत नाव मागे पडेल. तुमच्याकडेही ती मागणार नाही, कारण आधीच बुटांचा खर्च झालाय. म्हणून हा निर्णय तिच्यावर सोडू नका, तो मोठ्यांनीच घ्यायला हवा. “आईनं सांगितलंय” हे वाक्य तिच्या फार उपयोगी पडतं. मैत्रिणींसमोर ती खुशाल तुमच्यावर ढकलू दे.

धाडसाचा मुद्दा बाबा लोक हमखास काढतात, आणि आपल्याकडे त्याला एकनाथ सोलकरांचा मोठा आधार आहे. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, बॅट्समनच्या पुढ्यात, हेल्मेटशिवाय उभे राहून त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. 27 कसोटींत 53 झेल, आणि 1971 मध्ये ओव्हलवर ॲलन नॉटचा घेतलेला तो झेल. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण त्याच जागेची दुसरी आठवणही आहे. फेब्रुवारी 1998 मध्ये ढाक्यात एका क्लब सामन्यात क्रिकेटपटू रमण लांबा शॉर्ट लेगला गेले. षटकाचे थोडेच चेंडू उरले होते, म्हणून हेल्मेट मागवलं नाही. फटका डोक्याला लागला आणि काही दिवसांत ते गेले. आज त्या जागेवरचा प्रत्येक क्षेत्ररक्षक हेल्मेट घालतो आणि त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. सोलकर आज खेळत असते, तर त्यांनीही घातलं असतं आणि झेल तितकेच घेतले असते, असं मला मनापासून वाटतं.

“गार्डमुळे चेंडू नीट दिसत नाही” ही तक्रार मात्र मी हसण्यावारी नेत नाही. पहिले काही दिवस जाळीच्या आडव्या पट्ट्या मध्ये येतात, विशेषतः पायाजवळचा चेंडू घेताना. यावर उपाय सवयीचा. संध्याकाळी घराच्या अंगणात किंवा गच्चीवर, गार्ड घालून टेनिसच्या चेंडूवर दहा-पंधरा मिनिटं झेल आणि घरंगळते चेंडू द्या. आठवडाभरात पट्ट्या दिसेनाशा होतात. थेट सामन्याच्या दिवशी नवा गार्ड घालायला लावलात, तर तो पहिल्या इनिंगमध्येच डगआऊटमध्ये जाईल.

घेताना मुलीला दुकानात न्या. पट्टे आवळून तिला मान जोरात हलवायला सांगा, गार्ड जागचा हलता कामा नये. नाक आणि जाळी यांच्यात मोकळी जागा हवी, हनुवटीचं पॅड हनुवटीवरच बसायला हवं, मागून वेणी निघायला वाट हवी. सैल गार्ड चेंडूच्या धक्क्यानं आत येऊन स्वतःच इजा करतो. विदर्भ-खानदेशच्या उन्हात तारेच्या जाळीचा बरा, वारा लागतो. कॅचरचा मास्क काढून इनफिल्डरला देऊ नका, तो जड असतो आणि बाजूचं दिसू देत नाही. चष्मा असेल तर मैदानावर साधी काच नको, पॉलिकार्बोनेटचा खेळाचा चष्मा करून घ्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. गार्ड नाकाचं हाड, गालफड, डोळ्याची खोबण, दात सांभाळतो. मेंदूला बसणारा हादरा तो पूर्णपणे थांबवू शकत नाही. फटक्यानंतर मुलीला गरगरलं, उलटी झाली, ती गोंधळल्यासारखी बोलू लागली, तर गार्ड होता म्हणून निश्चिंत राहू नका. त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टर. एकाचे दोन दिसत असतील किंवा डोळ्यात रक्त उतरलं असेल, तर चोळू नये, दाबू नये, नाक शिंकरू देऊ नये, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावं.

आउटफिल्डच्या मुलांसाठी मी आग्रह धरत नाही. त्यांना वेळ मिळतो. शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसला, चौदा वर्षांखालच्या गटात तरी, घालावा.

खर्चाचं म्हणाल, तर प्रत्येक घरानं वेगळा घ्यायलाच हवा असं नाही. पिचर, फर्स्ट आणि थर्ड, तीन गार्डांत संघाची मोठी जोखीम झाकली जाते. पट्टे कमीजास्त होतात, सामन्यानंतर साबणाच्या पाण्यानं पुसले की दुसऱ्या गटाला वापरता येतात. शाळेचे माजी खेळाडू कप आणि ट्रॅकसूट देतात, त्यांना हे सुचवा. नियमांची अडचण नाही, क्षेत्ररक्षकाला फेसगार्ड घालता येतो. अमेरिकेत शाळकरी मुलींच्या इनफिल्डमध्ये तो सर्रास दिसतो, कॉलेजच्या पिचरही घालतात.

क्रीडाशिक्षकांना भेटायचं ते निवड चाचणीच्या आधी भेटा, आणि दोघं-तिघं पालक मिळून जा. एकट्या मुलीच्या चेहऱ्यावर गार्ड दिसला की ती वेगळी पडते, तिघी एकदम घालून उतरल्या की चौथी आपणहून विचारते. सामन्यात एका मुलीकडे मोजके चेंडू येतात, सरावात शेकडो मारले जातात, म्हणून गार्ड सरावालाही हवा, हे सरांशी आधीच ठरवून घ्या. आणि त्याच भेटीत शनिवारी सकाळी अर्धा तास मैदानावरचे खडे वेचायला पालक येतील, असंही सांगून टाका.