विषारी दारू आणि गावाला द्यावयाची सूचना

भंडारा जिल्ह्यात मोहाच्या फुलांची दारू नवी नव्हे. फुले आंबवून तिच्यातील मद्यार्क तयार होतो. परंतु नफ्याच्या लोभाने दारूत कारखान्यांतील मिथिल अल्कोहोल मिसळले, की ती प्राणघातक होते. आणि रंग, वास वा चव यांवरून हा फरक ओळखता येत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी वस्तीत अशाच दारूने १०० हून अधिक माणसे दगावली.

या विषाची खरी अडचण म्हणजे ते उशिरा प्रकट होते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल साचून लक्षणे दिसण्यास बहुधा १२ ते २४ तास लागतात. तोवर पिणारा साधी नशा समजून निजून राहतो. मग पोटदुखी, ओकारी, धाप आणि डोळ्यांपुढे धुके. म्हणून एकास त्रास होताच, तीच दारू प्यालेले इतर लोक ठणठणीत दिसत असले तरी त्यांना शोधून रुग्णालयात न्यावे. उतारा व डायालिसिस यांचा गुण वेळेवर पोचणाऱ्यासच येतो.

पोलिसांच्या धाकाने घरची माणसे बोलत नाहीत; शिक्षकाशी मात्र पुष्कळदा बोलतात. वर्गात मुलांना याविषयी छेडू नये. दारोदार जाऊन, कोणी विकली हे न विचारता, कोण कोण प्याले एवढेच विचारावे आणि १०८ क्रमांकावर कळवावे.