इंग्रजी श्रवणपरीक्षा आणि आपला वर्ग

इंग्रजी ऐकून उत्तरे लिहावयाच्या परीक्षेत आपली मुले मागे पडतात ती शब्दसंग्रह तोकडा असल्यामुळे, असा पुष्कळ शिक्षकांचा समज आहे. तो अर्धाच खरा होय. बोललेला शब्द एकदा उमटतो आणि विरून जातो. छापील ओळीप्रमाणे मागे जाऊन तो पाहता येत नाही. खरी अडचण ही आहे.

परदेशी शिक्षणास जाऊ इच्छिणारे पुष्कळ विद्यार्थी देतात ती आयईएलटीएस परीक्षा घ्या. तिच्या श्रवणविभागात ४ भाग व ४० प्रश्न असतात. सुमारे ३० मिनिटांचे ध्वनिमुद्रण एकदाच ऐकविले जाते. प्रश्न मात्र आधी वाचावयास मिळतात, आणि उत्तरे प्रश्नांच्याच क्रमाने येतात. रिकाम्या जागेपूर्वी पौंडाची खूण असेल तर संख्या येणार, 'मिस्टर' असेल तर नाव येणार, हे ताडून कान सज्ज ठेवावा. एखादे उत्तर निसटल्यास तेथेच सोडावे. त्याच्या मागे लागणारा पुढचीही दोन गमावतो. बोलणारा कधी 'ट्यूजडे' म्हणतो व लगेच 'नो, थर्सडे' अशी दुरुस्ती करतो. पहिला शब्द लिहून मोकळे होणारे येथे फसतात.

मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे; तेव्हा कान तयार होण्याचे वय आपल्याच हाती असते. मराठीत आपण अक्षरे बहुधा सारख्याच वजनाने उच्चारतो. इंग्रजीत एका अवयवावर जोर पडतो व बाकीचे दबतात. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतील भेद बराचसा या जोराचा आहे. पाढे झाल्यावर अशा जोड्या पाच मिनिटे सांगाव्या व मुलांनी पाटीवर अंक लिहावे. नावांची स्पेलिंगेही अशीच सांगावी. 'ए', 'ई', 'आय' आणि 'जी', 'जे' यांत मुले हमखास गोंधळतात.

वाक्य उच्चारताच त्याचा मराठी अर्थ सांगण्याची आपली सवय मात्र घातक आहे. अर्थ मागाहून येणारच, हे मुलास ठाऊक असते; मग ते इंग्रजी ऐकतच नाही. म्हणून वाक्य नेहमीच्या गतीने, शब्द सुटे न करता, एकदाच सांगावे. उत्तर लिहून घ्यावे आणि मगच पुन्हा म्हणावे. स्वतःच्या उच्चाराविषयी संकोच वाटल्यास भ्रमणध्वनीवर छोटेसे ध्वनिमुद्रण लावावे; पण ते लावून शिक्षकाने हजेरीपट घेऊन बसू नये. पहिले काही दिवस पाट्या बव्हंशी कोऱ्या राहतील. तेवढ्याने धीर सोडून अर्थ सांगून टाकू नये.