श्रावणबाळाची कावड आणि उत्पन्नाचा दाखला

आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून नेणारा श्रावणबाळ आपणा सर्वांना ठाऊक आहे. ज्या वृद्धांना असा मुलगा लाभला नाही, किंवा लाभला पण त्याचेच पोट हातावर आहे, त्यांच्या निवृत्तीवेतन योजनेला शासनाने नेमके त्याचेच नाव द्यावे, हे मला मोठे सूचक वाटते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात सामाजिक सुरक्षिततेचे प्रकरण असते. ते प्रत्यक्षात कसे चालते हे पाहण्यासाठी मी भडगावच्या तहसील कचेरीत काही दिवस जाऊन बसलो. त्यावरून हे टिपण.

राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य मिळावे असे म्हटले आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. महाराष्ट्राने १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. केंद्राची वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजना १९९५ ची. आरंभी केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. पुढे २००७ साली तिला इंदिरा गांधींचे नाव मिळाले. ज्याचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत आहे त्याला केंद्राचे २०० रुपये आणि त्यावर श्रावणबाळ योजनेतून राज्याची भर मिळते. ज्याचे यादीत नाव नाही, पण वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे, त्याला सारी रक्कम राज्य देते. २०२३ पासून ही रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. म्हणजे दिवसाला पन्नास.

खरी मेख त्या २१,००० मध्ये आहे. रोजगार हमीचा दर २०२५-२६ साली ३१२ रुपये होता. घरातल्या एकाच माणसाने अडुसष्ट दिवस काम केले की मर्यादा ओलांडली! हमी मात्र शंभर दिवसांची होती. रक्कम वेळोवेळी वाढली, पण मर्यादा तिच्या मागे वाढली नाही. माझ्या मते या योजनेतला सर्वांत मोठा दोष हाच. मर्यादा इतकी खाली ठेवली की खरे सांगणारा गरीब बाद होतो, आणि दाखल्यावरचा आकडा हा एक उपचार होऊन बसतो.

अर्जासोबत वयाचा पुरावा, रहिवासाचा दाखला (महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षे वास्तव्य हवे), उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँकेचे पासबुक लागते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल लागतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. वयाचे दुखणे निराळे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईजवळ शाळा सोडल्याचा दाखला कुठून येणार? आधारावर कुणीतरी अंदाजाने घातलेले वर्ष असते, मतदार यादीत दुसरेच. दोन कागदांत तफावत दिसली की अर्ज परत येतो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वीच सारे कागद शेजारी ठेवून नाव व जन्मवर्ष जुळवून घ्यावे. हे काम आपल्यापैकी कोणालाही करता येईल.

मंजुरीनंतरही काम संपत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. जन्मभर कापूस वेचलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. एक आजी मला म्हणाली, "मना आंगठा उठत नही रे भाऊ." अशा वेळी आधार केंद्रात बोटांचे व डोळ्यांचे ठसे नव्याने घेऊन नोंद अद्ययावत करावी. दुसरी गोष्ट खात्याची. आता पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते हातातल्या पासबुकाचेच खाते असेल असे नाही. मध्यंतरी दुसऱ्या बँकेत खाते उघडून आधार जोडले असेल, तर पैसे तिकडे साचत राहतात आणि म्हातारा माणूस इकडच्या खिडकीशी विचारत बसतो. अनुदान बंद झाले म्हणून नवा अर्ज करण्याआधी आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते बँकेत विचारावे.