कोरडी छपाई

नागपूरच्या कोरड्या हवेत केसांतून फिरविलेली फणी कागदाचे कपटे ओढते. कळमन्याच्या बाजारपेठेत हिशेबाच्या प्रती काढणारे यंत्रही याच शक्तीवर चालते.

संधिवाताने पीडित चेस्टर कार्लसनला नकला उतरविणे कष्टाचे होई. 22 ऑक्टोबर 1938 रोजी, अमेरिकेत, त्याने सहायकासह गंधक लावलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासला, काचेवरील अक्षरांतून प्रकाश टाकला व वर भुकटी शिंपडली. अक्षरांच्या छायेत वीज टिकली होती. तेथेच भुकटी चिकटली.

वीसांहून अधिक कंपन्यांनी त्याची कल्पना नाकारली. तो मात्र खचला नाही. पुढे पत्र्याऐवजी फिरता दंडगोल आला. 1959 साली यंत्र मिनिटाला सुमारे 7 प्रती काढी; 1977 साली लेसरच्या साहाय्याने तो वेग 120 पृष्ठांवर गेला.