पाना न लावता सुधारलेला ब्रेक

सायकलचा ब्रेक नीट लागेनासा झाला तर तुम्ही रबरी गुटके बदलता, नाहीतर तार ताणून घेता. पाना हा लागतोच. पण २०१८ साली अमेरिकेत एका मोटारीचा ब्रेक पान्याला हातही न लावता सुधारला. तो कसा, ते पाहू.

मोटारींच्या चाचण्या घेणाऱ्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या संस्थेने टेस्ला कंपनीची ‘मॉडेल ३’ ही विजेची मोटार ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६.५ किलोमीटर वेगाने पळवून जोरात ब्रेक दाबला. मोटार थांबली ती १५२ फुटांवर (४६.३ मीटर). हे अंतर बरेच जास्त होते. कंपनीने मोटारीतील संगणकासाठी नवी आज्ञावली बिनतारी मार्गाने पाठवली. पुन्हा चाचणी झाली, तेव्हा अंतर भरले १३३ फूट (४०.५ मीटर)! ब्रेकचे भाग मात्र तेच होते.

ब्रेक कचकन दाबला की चाक जखडते आणि रस्त्यावरून घसरू लागते. घसरत्या चाकाची पकड कमी असते. गतिक घर्षण स्थितिक घर्षणापेक्षा कमी, हे तुम्ही शिकला आहातच. म्हणून चाक जखडू लागल्याचे दिसताच संगणक ब्रेक क्षणभर सैल करतो व पुन्हा आवळतो, तेही सेकंदाला अनेक वेळा. केव्हा सैल करायचा, किती आवळायचा, हे आज्ञावली सांगते. तीच बदलली होती.

“पावणेसहा मीटरांनी असे काय बिघडते?” असे कुणी म्हणेल. वही घ्या. मंदन एकसारखे मानले, तर थांबायला उरलेले अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ५.८ ला ४६.३ ने भागा, वर्गमूळ काढा आणि त्याला ९६.५ ने गुणा. उत्तर येते सुमारे ३४. म्हणजे नवी आज्ञावली मिळालेली मोटार जेथे थांबते, तेथे जुनी अजून ताशी ३४ किलोमीटर वेगाने धावत असते. त्या जागी रस्ता ओलांडणारे मूल असेल तर?

पण ज्या दाराने दुरुस्ती येते, त्याच दाराने चोरही येऊ शकतो. २०१५ साली चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी दूर बसून, महामार्गावर धावणाऱ्या एका जीपच्या संगणकात शिरून तिचा वेग घालवला. (चालकाला प्रयोगाची कल्पना होती, बरे का!) त्यानंतर अमेरिकेत १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावली गेली. म्हणून आज्ञावलीवर कंपनीचा गणिती शिक्का हवा. मोटार तो तपासते, आणि मजकुरात एका अंकाचाही फरक आढळला तर ती आज्ञावली नाकारते.

गंमत म्हणजे त्या जीपगाड्यांना दुरुस्ती बिनतारी पाठवण्याची सोयच नव्हती. कंपनीने ती मालकांना बोटाएवढ्या यूएसबी कांडीवर भरून टपालाने धाडली!